दस्त्यातील सगळे धातू काढण्याचा सल्ला का मानू नये

जुन्या लष्करी रायफलीच्या लाकडी दस्त्याला पुन्हा तेल देण्यापूर्वी त्यावरील झाडून सारे धातूचे भाग काढावेत, ते कोणत्याही क्रमाने काढले तरी चालते, अडलेला भाग हातोडीने ठोकला की सुटतो आणि दस्ता घासून झाल्यावर सगळे पूर्ववत बसते, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातील पहिले विधान अर्धे खरे आहे. उरलेल्या विधानांनी मात्र धडधाकट दस्ते कायमचे बिघडतात, म्हणून त्यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

क्रमाविषयीचे विधान सर्वांत घातक आहे. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या आणि पुढे बंगालमधील ईशापूरच्या शस्त्र-कारखान्यातही तयार झालेल्या ली-एन्फिल्ड क्रमांक १, मार्क ३ या रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असून मागचा तुकडा, म्हणजे बट, एका लांब बोल्टने पोलादी बैठकीत आवळलेला असतो. बटच्या मागील टोकावरील धातूच्या पत्र्याचे, म्हणजे बट-प्लेटचे, झाकण उघडून आतले बूच काढले की त्या बोल्टचे डोके हाती लागते आणि साहजिकच आधी तोच फिरवावासा वाटतो. परंतु बोल्टचे पुढील टोक चौकोनी असते आणि तो आपोआप सैल होऊ नये म्हणून ते टोक पुढच्या लाकडाच्या मागील बाजूस बसवलेल्या लहान पट्टीत अडकवलेले असते. त्यामुळे पुढचे लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला, तर ती पट्टी लाकडाला पिळते आणि ते उभे चिरते. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी नळीच्या टोकावरची धातूची टोपी, लाकूड नळीला आवळून धरणारे धातूचे पट्टे, वरचे लाकूड आणि चापाचे कडे काढावे, मग पुढचे लाकूड दोन्ही टोकांकडून सारखे खाली उतरवावे आणि त्यानंतरच बटच्या बोल्टला हात लावावा. एकच टोक ओढल्यास धक्का झेलणारे मागचे कोपरे तुटतात, आणि हे नुकसान बाहेरून दिसतही नाही.

'सगळे भाग काढा' हेही पूर्ण खरे नाही. माउझर ९८ या जर्मन रायफलीच्या दस्त्यात आडवा बसवलेला बोल्ट गोळी सुटतानाचा धक्का लाकडात पसरवतो. त्याच्याभोवतीचे लाकूड वर्षानुवर्षे त्याच्याशी जुळून गेलेले असते, त्यामुळे तो घट्ट असेल तर काढण्याचे काहीच कारण नाही. धातूचा पट्टा जागेवर अडवणारी लांब स्प्रिंगही लाकडातच राहू द्यावी. ती दाबून धरली की पट्टा पुढे सरकतो, आणि न दाबता ठोकला तर लाकडाची कड उचकटते.

अडलेल्या स्क्रूसाठी हातोडी नव्हे, खाचेत पूर्ण रुंदीने आणि घट्ट बसणारे पाते लागते. लाकडात बसवलेल्या गंजलेल्या स्क्रूवर गंजात झिरपणारे भेदक तेल ओतण्यापेक्षा डोक्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक थोडा वेळ टेकवावे. धातू प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते. मग स्क्रू आधी किंचित आवळून मगच उलट फिरवावा. माउझरची यंत्रणा दस्त्यात आवळणाऱ्या मुख्य स्क्रूंना अडवणारे छोटे स्क्रू असतील, तर ते प्रथम काढावेत.

घासून झाल्यावर सगळे पूर्ववत बसते, हे विधान लाकडाच्या बाबतीत खोटे ठरते. कारखान्यात लाकूड आणि धातू एकाच पातळीत घासलेले असतात, त्यामुळे धातू काढून सँडपेपर फिरवला की लाकूड खाली जाते आणि बट-प्लेटची कड बाहेर उरते. गेलेले लाकूड परत येत नाही, आणि त्यासोबत तपासनिसांचे शिक्केही जातात. घासायचेच असेल, तर बट-प्लेट जागेवर ठेवून घासावे.

सल्ल्यातला खरा भाग एवढाच की बट-प्लेट एकदा काढून पाहावी, कारण तिच्या आत ओल साचते, गंज चढतो आणि छेदलेल्या टोकाचे लाकूड तेल पिऊन मऊ पडते. कोणता स्क्रू कोणत्या छिद्रातला, हे लिहून ठेवून आतली बाजू कोरड्या कापडाने पुसावी, लाकडाच्या उघड्या टोकाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि ते सुकल्यावर प्लेट त्याच छिद्रांत त्याच स्क्रूंनी पुन्हा बसवावी.