जुहूचा ‘सिगारेट स्नेल’ आणि ब्लेडवाले वैद्य

आमच्या आत्याने मालवणहून हौसेने आणलेली शंख-शिंपल्यांची परडी काल कचऱ्यात रिकामी केली. कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड: ‘जुहू-गिरगावला सिगारेट स्नेल आलाय. शंख हाताला लागला तरी दोन मिनिटांत मृत्यू. औषध नाही, दवाखान्यात वेळ घालवू नका. ब्लेडने चीर देऊन विष चोखा, वर दोरी आवळा. घरातले शंख फेका. परदेशी कंपन्या यातून कॅन्सरचं औषध करतात, म्हणून बातमी दाबली.’

दवाखान्यात जाऊ नका म्हणे! हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं? ‘सिगारेट स्नेल’ हे कोन स्नेलचं, म्हणजे कोनस या शंखवाल्या समुद्री गोगलगायीचं टोपणनाव. ती सोंडेच्या टोकाशी आलेला पोकळ, काटेरी दात भाल्यासारखा खुपसून विष टोचते. त्याने स्नायू लुळे पडतात आणि माणूस दगावतो तो श्वास थांबल्याने. विषावर उतारा नाही हे खरं, तेवढं मान्य. पण म्हणूनच तर रुग्णालय गाठायचं! विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो. चीर देऊन, चोखून फक्त जखम चिघळेल. ऑस्ट्रेलियात अशा वेळी रुंद पट्टी गुंडाळून हात-पाय हलू देत नाहीत. सुतळी आवळून रक्तपुरवठा तोडणं वेगळं.

दोन मिनिटांचं म्हणाल तर ती दंतकथा. अ‍ॅलन कोन हे आयुष्यभर याच गोगलगायींवर काम केलेले संशोधक. त्यांच्या २०१६ च्या आढाव्यात तीनेकशे वर्षांतले जगभरचे नोंदलेले मृत्यू चाळिशीच्या आत आहेत. बहुतेकांना कारण एकच जात, कोनस जिओग्राफस, प्रवाळांच्या उबदार समुद्रातली. कोनसच्या शेकडो जातींपैकी बहुतेक समुद्री किडे खातात. फॉरवर्डमधल्या फोटोत तपकिरी जाळीत पांढरे त्रिकोण दिसतात, ती तर कोनस टेक्स्टाइल. तिचं भक्ष्य दुसऱ्या गोगलगायी. तरी जिवंत कोन स्नेल उचलू नये, कुठलीच.

शोकेसमधल्या रिकाम्या शंखात ना जीव, ना दात. विष येणार कुठून?

औषधाचं अर्धं खरं आहे. कोनस मॅगसच्या विषावरून झिकोनोटाइड तयार झालं, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूरही झालं. पण ते असह्य, जुनाट वेदनांसाठी, थेट मणक्यातल्या द्रवात देतात. त्याने कॅन्सर बरा होत नाही. शिवाय ते प्रयोगशाळेत बनतं, त्यासाठी जुहूवर कोणी गोगलगायी वेचत नाही.

गिरगावला काळजी घ्यायचीच तर पाकट (स्टिंगरे मासा) आणि जेलीफिशची घ्या. २०१३ च्या गणेश विसर्जनात पाकटांनी कितीतरी भाविकांना डंख मारले होते.