‘मूव्ह इट’मधली ती गिटार हँक मार्विनची नाही
सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डच्या ‘मूव्ह इट’ या गाण्याची सुरुवातीची गिटार त्याच्या बँडमधल्या गिटारिस्ट हँक मार्विनने वाजवलीय. मंडळी, नाही हो! रेकॉर्डिंग झालं जुलै १९५८ मध्ये, तेव्हा हँक अजून क्लिफच्या बँडमध्ये आलाच नव्हता. ती गिटार आहे अर्नी शिअरची. हा माणूस सेशन म्युझिशियन, म्हणजे स्टुडिओत यायचं, वाजवायचं, पैसे घेऊन घरी जायचं, कव्हरवर नावबिव काही नाही. पुढे हँकने स्टेजवर हेच गाणं इतकी वर्षं वाजवलं की लोकांच्या डोक्यात तेच बसलं, त्यात लोकांचा दोष नाही.

आणि हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला जाणार होतं! पुढच्या, म्हणजे मुख्य बाजूला होतं ‘स्कूलबॉय क्रश’, पण टीव्ही निर्माता जॅक गुडने ‘मूव्ह इट’साठी हट्टच धरला, बाजू बदलल्या, आणि गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. लिहिलं होतं क्लिफच्या बँडमधल्या इयन सॅमवेलने, क्लिफच्या घरी जाताना बसमध्ये.

हेडफोन लावून पहिले काही सेकंद परत ऐका, कोणी सोबत नाही, एकटी गिटार खाली उतरत येते आणि मग ड्रम्स पडतात. अंगावर काटा येतो राव अजूनही. फॉरवर्ड करायचंच असेल तर शिअरचं नाव घालून करा.