हिशेब मागू नका, आमेन म्हणा

परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी जमाखर्चाची प्रत मागितली. कमिटीतले एक वडीलधारे मायेने म्हणाले, "ब्रदर, तुमचा देवावर विश्वास नाही का?" मागच्या बाकांवरून दणदणीत आमेन आलं. मी खाली बसलो. प्रत अजून आलेली नाही.

देवाचा पैसा सांभाळणं ही कला आहे, हे तेव्हा पटलं. तुम्हालाही शिकायची असेल, तर गुरू अमेरिकेत आहे: बॅप्टिस्ट फाउंडेशन ऑफ अ‍ॅरिझोना, स्थापना १९४८. हेतू सोन्यासारखा. सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या कामांसाठी निधी जमवायचा आणि जपायचा. तुम्हीही असाच हेतू लिहा. मग पन्नास वर्षं कपाट उघडायला कोणी सांगत नाही.

'गुंतवणूक' म्हणू नका, 'कारभारीपण' म्हणा. व्याज मात्र बाजारापेक्षा चढं द्या.

आता खरं कसब. फाउंडेशनचा पैसा जमिनींत होता, आणि १९८०च्या दशकाअखेर तिथल्या जमिनींचे भाव कोसळले. तोटा कबूल करायचा? छे! पडलेली जमीन आपल्याच माणसांच्या कंपनीला फुगवलेल्या भावात विकायची. रोख नावापुरती, बाकी सगळी कागदावर येणी. झाला ताळेबंदात नफा! आणि जुन्या ठेवीदारांचं व्याज? ते नव्या ठेवीदारांच्या पैशातून. त्यांत कितीतरी म्हातारी माणसं, जन्मभराची पुंजी घेऊन आलेली. ती का आली? फाउंडेशनच्या नावात आपला पंथ दिसला म्हणून! परक्या माणसाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. लाज वाटायला हवी होती, पण लाजेसाठी ताळेबंदात रकाना नसतो.

लेखापरीक्षक नामांकित बघा. आर्थर अँडरसन ही बडी लेखापरीक्षण कंपनी वर्षानुवर्षं स्वच्छ शेरा देत राहिली. १९९७ मध्ये फाउंडेशनच्याच एका माजी हिशेबनीसाने सावध केलं, तरीही.

नोव्हेंबर १९९९ मध्ये दिवाळखोरी. सुमारे ११,००० ठेवीदार, अडकलेले पैसे ५० कोटी डॉलरहून जास्त. अँडरसनने २००२ मध्ये चूक न मानता २१.७ कोटी डॉलर मोजले. २००६ मध्ये फाउंडेशनचा माजी अध्यक्ष दोषी ठरला.

पुरे झाली थट्टा. पासबुकातली एक नोंद चुकली, तर बँकेत आवाज चढवता ना? मग इथे मुकाट का बसता? वर्गणी पोचवताना कोणी बोट दाखवू नये, म्हणून खुद्द प्रेषित पौलाने सोबत माणसं दिली; बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, काढून वाचा. आणि आमच्या कमिटीला एक झेरॉक्स जड होते!

पुढच्या सभेत मी पुन्हा प्रत मागणार आहे. निदान तेव्हा तरी मागून आमेन म्हणू नका.