एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे वादकाचा गळा ठीक?

ठाण्यातल्या बँडवाल्यांच्या, सनईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘फुंकून वाजवणाऱ्यांनी गळ्याचा एकदा एमआरआय काढावा. नॉर्मल आला की निश्चिंत. वाजवताना मान फुगते ती रियाजाची खूण. नाकातून दुर्बीण घालू देऊ नका, फुंक कायमची जाते.’ लग्नसराईच्या तोंडावर कुणी हे मनावर घेतलं तर गळ्याचं नुकसान होईल, म्हणून लिहितोय.

आधी एमआरआय. त्यात माणूस उताणा पडून शांत श्वास घेत असतो. वादकाला त्रास होतो तो फुंकताना. वरचा सूर लांबवताना टाळूच्या मागच्या मऊ भागाने नाकाची वाट पुरती बंद केली नाही, तर हवा नाकातून फुसकन सुटते आणि सूर तुटतो. बऱ्याच जणांना हे खूप वेळ वाजवून थकल्यावरच होतं. मशीनमध्ये पडल्यापडल्या तो भाग ठीकच दिसणार. वाजवताना एमआरआय निघतो का? निघतो. जर्मनीत ग्योटिंगेनला हॉर्न या पितळी फुंकवाद्याच्या वादकांची जीभ वाजवताना कशी हलते ते असं टिपलंय, पण त्यासाठी मशीनमधलं चुंबक ओढणार नाही असा खास हॉर्न लागला. आपल्या क्लॅरिनेटच्या चाव्यांना पोलादी स्प्रिंगा असतात. तो घेऊन त्या खोलीत कुणी पाऊल टाकू देणार नाही.

मान फुगणं ही रियाजाची खूण नव्हे. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचे फुगायचे ते गाल. मानेत एका बाजूला फुगा येत असेल, तर स्वरयंत्रातली छोटी पोकळी हवेने ताणून पिशवी झालेली असू शकते. डॉक्टर तिला लॅरिंगोसील म्हणतात. तिने आवाज बसतो, तिच्यात पू होतो, फार वाढली तर श्वास अडतो. क्वचित तिच्या तोंडाशी कर्करोगाची गाठही दडलेली असते, म्हणून अंगावर काढू नका. हवेची पिशवी सीटी स्कॅनमध्ये छान दिसते, त्यातही नाक-तोंड मिटून जोर करायला लावला तर जास्तच.

दुर्बिणीने फुंक जात नाही. ती तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचिक नळी असते, नाकात बधिर करणारं औषध मारून घालतात. नाकातून जाते म्हणून ओठ आणि रीड (वाद्याच्या तोंडाशी असलेली कंप पावणारी पातळ पट्टी) मोकळे राहतात, आणि टाळू मिटते की नाही हे वाजवतानाच दिसतं.

कळव्याच्या महापालिका रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे जा किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण वाद्य सोबत न्या आणि ‘वाजवताना बघा’ असं स्पष्ट सांगा. थकल्यावरच त्रास होत असेल, तर आधी पुरेसं वाजवून मग जा.