बंदर म्हणजे शहर नव्हे राव!

'जितकी जास्त बंदरं तितके पैसे वसूल' हे क्रूझच्या सहलींवरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही बघा. बंदरं मोजायच्या आधी ते बंदर शहरापासून किती लांब आहे ते बघा की. ब्रोशरमध्ये रोम लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिविटावेकियाला, तिथनं रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे बघायचं कोल्हापूर आणि उतरायचं कराडला! फ्लॉरेन्सचं पण तेच, जहाज लिव्होर्नोला. बँकॉकवाल्यांना तर लेम चाबांगवरनं बसनं दोनेक तास. आम्ही घरची मंडळी सिंगापूरवरनं गेलतो तेव्हा क्वालालंपूर म्हणून पोर्ट क्लांगला उतरवलं, पुढं बस आणि ट्रॅफिक, ट्विन टॉवरखाली पोचलो तर गाईड घड्याळ दाखवत 'फोटो काढा, चला' म्हणतोय, आमचे वडील मान वर करून मजले मोजत होते ते निम्म्यातच राहिले. जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधी परत चढावं लागतं हे पण एजंट सांगत नाही.

आणि लक्षद्वीपचं एका ओळीत उरकलंय लेखात. तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरून जायला लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसांना ते अवघडच, वर लाटा जास्त असतील तर उतरवतच नाहीत. म्हातारी माणसं सोबत असतील तर दोनच बंदरं असलेली पण धक्क्याला लागणारी क्रूझ बघा, आणि एजंटला 'किती वाजता उतरवणार, किती वाजता परत' एवढं आधी लिहून मागा.