मदर्स डे की पिठोरी, पुऱ्या कोण तळणार?

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. कुठली तरी भाची आईसोबतचा फोटो टाकते आणि लगेच एक मामा फॉरवर्ड आणून आदळतात की हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, तिकडे आईला वृद्धाश्रमात ठेवतात आणि वर्षातून एकदा फुलं देतात, आपला खरा मातृदिन म्हणजे पिठोरी अमावस्या, आणि तसंही आपल्याकडे रोजच मातृदिन असतो वगैरे वगैरे. (पुण्याच्या वृद्धाश्रमात कोणाच्या आया आहेत हे काढायचं झालं तर आम्ही परदेशातलेच आधी अडचणीत येऊ, म्हणून तो मुद्दा मी शांतपणे सोडून देते.)

मी राहते अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ. मदर्स डेची चळवळ चालवणारी अ‍ॅना जार्विस याच शहरात राहायची. मामांना हे सांगितलं तर पटत नाही, पण त्यांचं निम्मं भाषण या बाईने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. तिची आई १९०५ मध्ये गेली. १० मे १९०८ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये पहिला कार्यक्रम झाला, त्यासाठी तिने आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली, १९१४ मध्ये प्रेसिडेंट विल्सनने दिवस अधिकृत केला, आणि मग फुलवाले, कार्डवाले, चॉकलेटवाले सगळे तुटून पडले. बाई भडकली. छापील कार्ड पाठवणारे आळशी आहेत, स्वतः पत्र लिहा, असं तिचं म्हणणं. १९२५ मध्ये एका संस्थेच्या अधिवेशनात मदर्स डेच्या नावाने कार्नेशन विकत होते तिथे जाऊन तिने गोंधळ घातला, पोलिसांनी धरून नेली. पुढे अख्खा दिवसच रद्द करा म्हणून मागे लागली. १९४८ मध्ये इथून जवळच वेस्ट चेस्टरच्या एका सॅनिटोरियममध्ये वारली, पैसे संपलेले, स्वतःचं मूलबाळ नाही.

पण मला मुलीपेक्षा तिची आई जास्त भारी वाटते. अ‍ॅन रीव्ह्ज जार्विस. तिला दहाहून जास्त मुलं झाली, मोठी झाली फक्त चार. गोवर, टायफॉइड, डिप्थीरिया, मुलं पटापट जायची. तिने १८५८ पासून गावोगावच्या बायकांचे क्लब काढले, दूध तपासायचं, स्वच्छता शिकवायची, आजारी घरात मदत पोचवायची, आणि सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेतलं यादवी युद्ध) त्याच बायकांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. लेकीने दिवस सुरू केला तो या आईच्या नावाने, आणि या आईच्या मूळ कामात फुलंबिलं काही नव्हतं, मुलं मरू नयेत एवढंच होतं.

आणि आता आपली पिठोरीची कहाणी आठवा. सुनेला दर श्रावणी अमावस्येला मूल होतं आणि लगेच जातं, त्याच दिवशी घरात श्राद्ध, शेवटी सासरा मेलेल्या पोरासकट तिला घराबाहेर काढतो. रानात ती झाडावर बसते, रात्री खाली नागकन्या-देवकन्या पूजा करतात, खीरपुरीचा नैवेद्य दाखवून विचारतात, अतीत (म्हणजे अतिथी) कोण? आणि ही वरून म्हणते, मी. पोरं जिवंत होतात. भीती तीच, ग्राफ्टनची आणि आटपाट नगराची. गंमत म्हणजे कहाणीत 'मी' म्हणून उत्तर देणारी, उपाशी, हाकललेली आईच आहे, आपल्या घरी मात्र आई दिवसभर उपास करते, पुरणावरणाचा घाट घालते, वाण डोक्यावर धरून अतीत कोण विचारते आणि पोरं मागून 'मी' म्हणून पुरी पळवतात. गेल्या मे महिन्यात मामांच्या फॉरवर्डखाली मामींनीच विचारलं, मग यंदा पिठोरीच्या पुऱ्या तुम्ही तळणार का.

इकडेही फार वेगळं नाही हां. ब्रंचचं टेबल मिळत नाही, बुकिंग बहुतेक आईच करते. माझ्या मुलीने शाळेतून गाळलेल्या जागा भरलेला कागद आणला, माझी आई सत्तर वर्षांची आहे, तिला आवडतं काय तर भांडी. फ्रिजवर लावलाय, नवऱ्याला दिसेल असा.

ब्रंचला गर्दी करणाऱ्या या देशात बाळंतपणाची पगारी रजा देणारा केंद्राचा सरसकट कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते ती बिनपगारी, तीही कंपनी मोठी असेल आणि वर्षभर काम केलेलं असेल तरच. माझी एक सहकारी सहाव्या आठवड्यात कामावर आली, मीटिंगमधून उठून कोपऱ्यातल्या खोलीत दूध काढायचा पंप घेऊन जायची. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी, हे मी इकडे कॉलर ताठ करून सांगते, पण ते दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. घरोघरी धुणंभांडी करणाऱ्या ताईंचं काय? बदलीवर आलेल्या बाईला पैसे, हिचा महिना कापला, हे सर्रास चालतं, पिठोरीचा उपास करणाऱ्या घरांतही आणि मदर्स डेचा केक कापणाऱ्या घरांतही.