गाडी बंद करू नका

तेल जाळणं ही कला आहे, आणि ती अजून सगळ्यांच्या अंगात मुरलेली नाही. आजही काही लोक कोपऱ्यावरून दूध आणायला चालत जातात. अशा मागासलेल्यांसाठी या चार सूचना.

गाडी मोठी घ्या. घरात माणसं तीन असली तरी सात सीटची घ्या. ऑफिसला एकट्यानेच जायचं, उरलेल्या सीटांवर डबा ठेवायचा आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात की "केवढ्या गाड्या झाल्यात हो!" म्हणून हळहळायचं.

पीयूसी काढायला गाडी कशाला नेता? फोटो पाठवा. कुठे, ते तुम्हाला माहीत आहे.

पंपावर पेट्रोल संपणार अशी कुजबुज आली की सगळं सोडून रांगेत जा. 2024च्या पहिल्याच दिवशी ट्रकवाल्यांनी संप केला तेव्हा आपण हेच केलं, टाकी अर्धी भरलेली असूनसुद्धा. संप दुसऱ्या रात्री मिटला.

पावसाळ्यात जुहूला किंवा कळंगुटला तळव्यांना डांबराच्या गोळ्या चिकटल्या तर रॉकेलने पुसा. तेलाने तेल काढावं.

आता सर्वात महत्त्वाचं. कोणाची वाट बघायची असेल तर गाडी चालू ठेवूनच बघा. काचा वर, एसी फुल, हातात मोबाइल. जागा शक्यतो तळमजल्याच्या खिडकीखालची निवडा, म्हणजे तुमचा धूर वाया न जाता थेट कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचतो. परवा आमच्या खिडकीखाली एक साहेब असेच उभे होते. आत आई नेब्युलायझर लावून बसलेली. मी खाली जाऊन काचेवर टकटक केली. काच दोन बोटं खाली आली. "जरा बंद करता का गाडी?" "दोनच मिनिटं, मिसेस येतायत." मिसेसचा पत्ता नाही. पुन्हा गेलो. "अहो, एसी बंद होईल ना!" तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब चिडले. "पेट्रोल माझ्या पैशाचं आहे, तुम्हाला काय त्रास?"

माझ्या पैशाचं! अहो, पैसे तुम्ही पेट्रोलचे दिलेत. धुराचे कोणाला दिलेत? एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो काय तुमच्या डिकीत बसून घरी येतो? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून आणावं लागतं. जहाजं भरून ते इथे यायचं, शुद्ध व्हायचं, टँकरने पंपावर पोचायचं, आणि ते कशासाठी, तर साहेबांना रील बघताना घाम येऊ नये म्हणून!

आणि शुद्ध कुठे होतं, ते एकदा मुंबईतल्या माहुलला जाऊन बघा. 1950च्या दशकापासून तिथे रिफायनऱ्या आहेत. तिथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं हरित लवादाने 2015मध्ये लेखी सांगितलं. त्यानंतरही मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून माणसं नेऊन ठेवली ती माहुललाच! शेवटी 2019मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की त्यांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. त्या लोकांनी तुमच्या पेट्रोलचे किती पैसे भरले, याचा हिशोब कोणत्या पंपाच्या पावतीवर येतो? ऑगस्ट 2010मध्ये मुंबईच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं, उरण-अलिबागकडची खारफुटी काळी पडली. गिऱ्हाईक मासळीला हात लावेना. कोळणींनी त्या टोपल्यांचं काय करायचं होतं? त्यांच्याकडे सात सीटची गाडी होती का?

सूचना वगैरे पुरे. सगळ्यांना गाडी विकून टाका असं मी म्हणत नाही. बस वेळेवर येत नाही, आली तर चढता येत नाही, फुटपाथवर दुकानं आहेत, हे मलाही दिसतं. आईला दवाखान्यात मीही रिक्षानेच नेतो. पण उभी गाडी बंद करायला कोणती मेट्रो यावी लागते? कोणत्या मंत्र्याने येऊन किल्ली फिरवायची? दहा-बारा लाखांची गाडी घेताना जी अक्कल होती, ती किल्ली फिरवताना कुठे जाते? म्हाताऱ्या माणसाचा जीव गुदमरतोय असं सांगितल्यावरही काच वर करणाऱ्याला शरम वाटली पाहिजे. उकडत असेल तर उतरा खाली आणि सावलीत उभे राहा. सावली सापडली तर. गेटजवळचा गुलमोहर पार्किंगसाठी तोडायचा ठराव मीटिंगमध्ये एकमताने पास केलात ना?